तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी येतंय. घरी मोजलेल्या आकड्यांवर किती विश्वास ठेवू?

वहीतले_आकडे

नमस्कार मंडळी,

गाडी पेट्रोल, चार सिलिंडर, १२०० सीसी. अकरा वर्षं झाली, मीटरवर १,४२,००० किलोमीटर. गेली सहा वर्षं गॅस किटवर चालते, पेट्रोल फक्त सुरू करण्यापुरतं. शाळेत शिकवते, जायला-यायला रोज ७६ किलोमीटर होतात, त्यामुळे गाडी अडून चालत नाही.

महिनाभरापासून आयडलला थरथरते. सकाळी निघताना काही जाणवत नाही. पाच-सात मिनिटांनी पहिल्या सिग्नलला थांबले की स्टिअरिंग हाताला कंप देतं, आतला आरसा हलतो. वेग घेतला की कळत नाही, पण जो चढ पूर्वी चौथ्या गिअरमध्ये जायची तिथे आता तिसरा टाकावा लागतो. चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनरवर पी०३०३ आला, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर (तिथे पेटणं चुकतंय). तिसऱ्याची कॉइल आणि प्लग काढून दुसऱ्याला लावले, दुसऱ्याचे तिसऱ्याला. कोड तिसऱ्यावरच राहिला.

गॅरेजमध्ये दाखवली. बॉनेट उघडलं, दोनदा एक्सिलरेटर दिला आणि सांगितलं, "रिंगा गेल्यात, इंजिन खोलावं लागेल, पूर्ण काम निघेल." रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या, दाब अडवणाऱ्या कड्या. मोजलं काहीच नाही. मी गणित शिकवते. पायऱ्या न दाखवता नुसतं उत्तर लिहिलं तर मी मुलांना गुण देत नाही. एवढं मोठं काम सांगताना एखादी तरी पायरी दाखवायला हवी होती असं मला मनापासून वाटतं.

म्हणून कॉम्प्रेशन गेज (पिस्टन हवा किती दाबतो ते मोजणारा) आणला, लवचिक नळीचा, टोकाला आटे असलेला. रविवारी सकाळी गाडी थंड असताना मोजलं. एका वेळी एकच प्लग काढला, बाकी तीन जागेवर. काटा थांबेपर्यंत सेल्फ मारला, कुठे तीन-चार ठोके, कुठे जास्त. आकडे पीएसआयमध्ये:

पहिला ११२, दुसरा १०८, तिसरा ७९, चौथा ९६.

सगळेच कमी दिसतात. म्हणजे गॅरेजवाले बरोबर होते का? चौथाही गेलाय का? ऑइल बदलायच्या दोन वेळांमध्ये साधारण २०० मिली टॉपअप लागतं, सायलेन्सरमधून निळा धूर नाही. कूलंट कमी होत नाही.

हे आकडे खरे मानू का?


बारा_तेराचा_पाना

ताई, आकडे लिहून ठेवलेत हे फार चांगलं केलंत. माझी ३१ वर्षं इंजिनाच्या हेडच्या कामात गेली, वॉल्व्ह ग्राइंडिंग, सीट कटिंग, हेड फेसिंग. आमच्याकडे उतरवून आलेल्या कितीतरी हेडांना काहीही झालेलं नसायचं, कारण खोलायच्या आधी कोणी मोजलेलंच नसायचं. त्यामुळे तुमची तळमळ मला कळते.

आता या चार आकड्यांबद्दल. सगळेच कमी आलेत त्याला इंजिन जबाबदार आहे असं मला वाटत नाही. मोजण्यात चार गोष्टी राहिल्या आहेत.

सगळ्यात मोठी म्हणजे थ्रॉटल, इंजिनात हवा सोडणारी झडप. तुम्ही एक्सिलरेटर दाबल्याचं लिहिलेलं नाही, म्हणजे बहुतेक दाबला नसणार. थ्रॉटल बंद असला की पिस्टन खाली जाताना पुरेशी हवा आत येत नाही. जी हवा आलीच नाही ती दाबणार काय? सिलिंडर कितीही निरोगी असला तरी काटा खालीच राहतो. पायाने एक्सिलरेटर पूर्ण तळाला दाबून धरायला एक माणूस आत बसवा. तोच माणूस सेल्फ मारेल, तुम्ही गेज बघा. एक अडचण येऊ शकते. ज्या गाड्यांना पेडलपासून थ्रॉटलपर्यंत केबल नसते, वायरवर चालतं, त्यातल्या काही गाड्या इंजिन फिरत नसताना किंवा सेल्फ चालू असताना थ्रॉटल पूर्ण उघडत नाहीत. एअर फिल्टरचा पाइप सोडून आत एकदा नजर टाका, पाकळी आडवी झाली का. उघडत नसेल तर स्क्रू ड्रायव्हर खुपसून पाकळी अडवू नका. पाकळी आणि आतले गिअर नाजूक असतात. त्यापेक्षा चारही सिलिंडर बंद थ्रॉटलवर सारख्याच पद्धतीने मोजा आणि फक्त एकमेकांशी ताडून बघा.

दुसरं, चारही प्लग एकदम काढायला हवेत. तीन प्लग जागेवर असले की सेल्फला तीन सिलिंडरांचा दाब ढकलत फिरावं लागतं. इंजिन हळू फिरतं, आणि हळू फिरलं की दाबली जाणारी हवा रिंगांच्या फटीतून निसटायला जास्त वेळ मिळतो.

तिसरं बॅटरी. तुम्ही एक, दोन, तीन, चार असं मोजत गेलात, आणि चौथा पहिल्यापेक्षा १६ ने कमी. मला तो उतरत चाललेल्या बॅटरीचा आकडा वाटतो. रात्रभर चार्जरला लावा.

चौथं, ठोके. प्रत्येक सिलिंडरला मोजून सहा. गेजचा काटा प्रत्येक ठोक्याला उडी मारतो, ती उडी मोजायची. आणि पहिल्या उडीचा आकडा वेगळा लिहा. शेवटच्या आकड्याइतकंच पहिली उडी सांगून जाते.

आता पद्धत. इंजिन चालवून गरम करा. गाडी पेट्रोलवर घ्या आणि गॅसच्या टाकीचा हाताने फिरवायचा वॉल्व्ह बंद करा, नाहीतर सेल्फ मारताना गॅस आत येईल. मग इंजिन चालू असतानाच पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा. लाइनमधलं पेट्रोल जळून गाडी आपोआप बंद पडेल. किल्ली काढून घ्या. इंजेक्टरचे कनेक्टर सोडा, चारही कॉइल काढून बाजूला ठेवा, कनेक्टरसकट. हे घाईत टाळू नका. उघड्या प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते आणि कॉइलला वीज मिळत राहिली तर एक ठिणगी पुरे. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, मोकळ्या हवेत.

प्लग काढण्याआधी खोबणीतली धूळ हवेने उडवा. तिथे बसलेला खडा आत पडला तर सिलिंडरला ओरखडा. हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम हेडमधून घट्ट बसलेला प्लग जोर लावून काढला तर आटे सोलून येऊ शकतात. आम्ही काय करायचो, थंड असताना चारही प्लग पाव फेरा सैल करून परत हलके आवळायचो, मग गरम करायचो. नंतर निघताना त्रास होत नाही.

गेज हातानेच बसवा, पाना नको. खाली रबराची रिंग असते, तेवढ्यावर दाब अडतो.

एवढं करून परत मोजा. नंतर कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल, ५ मिली, जास्त अजिबात नाही, नळीने सोडून परत मोजायचं. ऑइल रिंगांच्या फटीत भरतं. आकडा चांगला वर चढला तर रिंगा किंवा बोअर. जागचा हलला नाही तर वॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग). पिस्टनवर सांडलेलं ऑइल वॉल्व्हपर्यंत पोचत नाही, म्हणून हा फरक कळतो. जास्त ऑइल ओतलं तर ज्वलनाच्या जागेतली थोडी जागाच ऑइल व्यापतं, आकडा खोटा चढतो. अती झालं तर पिस्टन वर येताना अडतो, ऑइल हवेसारखं दबत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.


तेलकट_चिंधी

काकांनी सगळं सांगितलंय. मी फक्त गेजबद्दल लिहितो, कारण मी त्यात दोन आठवडे घालवलेत.

लवचिक नळीच्या गेजमध्ये हवा परत जाऊ नये म्हणून टायरच्या वॉल्व्हसारखा एक छोटा वॉल्व्ह असतो. तो नळीच्या प्लगकडच्या टोकाला असायला हवा. आटे असलेल्या टोकातून आत बघितलं की पिन दिसते. काही गेजांमध्ये तो वर, काट्यापाशी असतो. मग नळीतली सगळी पोकळी सिलिंडरच्या जागेत मिळवल्यासारखी होते आणि प्रत्येक आकडा कमी येतो. लहान सिलिंडरला फरक जास्त पडतो. तुमचं इंजिन १२०० सीसी म्हणजे एक सिलिंडर ३०० सीसीचा. दाबून झाल्यावर त्यातली हवा ३०-३५ सीसीत मावते. तिथे नळीचे पाच सीसी सुद्धा पुष्कळ झाले.

माझ्या गेजचा तो वॉल्व्ह गळायला लागला, काटा थांबेना. मी टायरचा बसवला, दिसायला अगदी सारखा. चारही सिलिंडर ३० पीएसआयने कमी दाखवायला लागले आणि मी इंजिन मेलं असं धरून बसलो. टायरच्या वॉल्व्हची स्प्रिंग कडक असते, गेजच्या वॉल्व्हची मऊ. कडक स्प्रिंग उघडायलाच दाब खर्च होतो. गेजसाठीचाच वॉल्व्ह घातल्यावर आकडे जागेवर आले. दोन्हीवर खूण नसते, म्हणून डबीत वेगळे ठेवा.


डिझेलवाला_प्रवासी

मध्येच विचारतो, माझी डिझेल आहे. हाच गेज चालेल का?


बारा_तेराचा_पाना

नाही. डिझेलचं कॉम्प्रेशन ३०० ते ५०० पीएसआयच्या घरात जातं, पेट्रोलचा गेज ३०० ला संपतो. गेज वेगळा, तो ग्लो प्लगच्या किंवा इंजेक्टरच्या भोकात बसवायचा जोडही वेगळा. आणि ऑइल घालून बघायची परीक्षा डिझेलवर करूच नका. नुसत्या दाबाच्या उष्णतेने पेटणारं इंजिन आहे ते, आत घातलेलं ऑइल पेटू शकतं. शिवाय पिस्टन वर आल्यावर हेडखाली जागा इतकी कमी उरते की थोडं ऑइलही अडतं.


वहीतले_आकडे

काका, काल संध्याकाळी तुम्ही सांगितलं तसंच केलं. भाचा आत बसला होता, पेडल तळाला दाबून. थ्रॉटलची पाकळी आधी बघून घेतली, पूर्ण उघडते. गेजचा वॉल्व्ह नळीच्या खालच्या टोकालाच आहे. बॅटरी रात्रभर चार्ज केली होती.

बॅटरीचा परिणाम पकडता यावा म्हणून दोनदा मोजलं, एकदा एक ते चार आणि मग उलटं, चार ते एक. दोन्ही वेळच्या आकड्यांत कुठेही ३ पेक्षा जास्त फरक नाही. सरासरी देते.

पहिला: पहिली उडी ९५, सहाव्या ठोक्याला १७४.
दुसरा: पहिली उडी ९२, शेवट १७०.
तिसरा: पहिली उडी ५४, शेवट १०४.
चौथा: पहिली उडी ९५, शेवट १७२.

चौथा ठणठणीत निघाला, बॅटरीच होती. रविवारचे आकडे बघून मी दोन रात्री नीट झोपले नव्हते.

तिसऱ्यात ५ मिली ऑइल घातलं, सिरिंजने मोजून. १०४ चे ११० झाले, बस. म्हणजे रिंगा नाहीत, बरोबर?

आणखी एक गोष्ट वहीत बघताना लक्षात आली. रविवारी थंड असताना तिसरा पहिल्याच्या ७० टक्के होता. काल गरम असताना ६० टक्के. रविवारची मोजणी कच्ची होती, तरी सगळ्यांना सारखीच कच्ची होती. रिंगा खराब असतील तर गरम झाल्यावर थोडं बरं व्हायला हवं ना? इथे उलटं होतंय.

आणि एक शंका, कामाची नाही पण राहवत नाही. पुस्तकात कॉम्प्रेशन रेशो १० ला १ दिलाय. हवेचा दाब १४.७ पीएसआय. दहापट केला तर १४७, आणि गेज बाहेरच्या हवेच्या वरचा दाब दाखवतो म्हणून त्यातून १४.७ वजा, म्हणजे साधारण १३२. मग १७४ कसे आले?


तेलकट_चिंधी

हा प्रश्न मलाही पडला होता. दहापट हे गणित हवेचं तापमान बदललं नाही तरच खरं. पिस्टन हवा एवढ्या पटकन दाबतो की तिची उष्णता भिंतीतून पुरेशी बाहेर जात नाही, हवा तापते, आणि तापलेली हवा जास्त दाब देते. सायकलच्या पंपाचं तोंड गरम होतं तेच. उष्णता अजिबात बाहेर गेली नाही असं धरलं तर आकडा १७४ च्या कितीतरी वर जाईल. तेवढा येत नाही, कारण थोडी उष्णता जातेच, थोडी हवा रिंगांतून निसटते, आणि पिस्टन खालून वर निघाल्यावरही इनलेट वॉल्व्ह काही अंश उघडाच असतो. म्हणजे खरं दाबणं उशिरा सुरू होतं. म्हणून कॉम्प्रेशन रेशोवरून गेजचा आकडा काढता येत नाही, कंपनीच्या पुस्तकात दिलेलाच बघायचा. उंचीवर राहणाऱ्यांनी तोही जरा कमी धरायचा. १,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण ११ टक्क्यांनी कमी असतो, गेजही त्याच प्रमाणात खाली येतो.


बारा_तेराचा_पाना

ताई, थंड-गरमची ती टक्केवारी तुम्ही काढलीत, तिने माझं अर्धं काम केलं. मी तुमचा पहिला संदेश परत वाचला. तिथेच लिहिलंय तुम्ही: सकाळी निघताना काही नाही, पाच-सात मिनिटांनी थरथर. मी तेव्हा आकड्यांत अडकलो आणि ते वाक्य वाचून पुढे गेलो. तिथेच थांबायला हवं होतं.

आधी आकडे. पहिला, दुसरा, चौथा १७० ते १७४, आमच्या भाषेत १२ किलो. मी अजून किलोतच विचार करतो, एक किलो (दर चौरस सेंटीमीटरला) म्हणजे १४.२ पीएसआय. ४ चा फरक म्हणजे काहीच नाही. १,४२,००० किलोमीटरला हे फार छान आकडे आहेत. ज्या इंजिनाच्या रिंगा गेल्या त्याचे तीन सिलिंडर असे येत नाहीत, आणि ते ऑइलही सपाटून खातं. तिसरा पहिल्याच्या ६० टक्के. बऱ्याच पुस्तकांत सगळ्यात कमी सिलिंडर सगळ्यात जास्तच्या ७५ टक्क्यांच्या खाली नको असं असतं. तेव्हा दोष आहे, खरा आहे.

पहिली उडी बघा. रिंगा झिजल्या असतील तर पहिली उडी छोटी, पण मग काटा दर ठोक्याला थोडा थोडा चढत बऱ्यापैकी वर जातो. वॉल्व्ह बसत नसेल तर पहिली उडी छोटी आणि नंतरही काटा खालीच रेंगाळतो. तुमचा ५४ वरून १०४ ला थांबला. ऑइल घालूनही हलला नाही. शेजारचे दुसरा आणि चौथा दोन्ही चांगले, म्हणजे दोन सिलिंडरांच्या मधे हेड गॅस्केट फाटलेलं नाही. कूलंटही कमी होत नाही. राहिला वॉल्व्ह.

आता इथे बहुतेक जण हेड उतरवतात. थांबा. गॅसवर सहा वर्षं चाललेली गाडी आहे. गॅसच्या ज्वलनात वॉल्व्ह आणि तो टेकतो त्या सीटच्या मधे पेट्रोलसारखा ओलावा आणि थर मिळत नाही, सीट हळूहळू झिजते आणि वॉल्व्ह हेडमध्ये वर सरकत जातो. वॉल्व्ह वर सरकला की त्याची शेपटी त्याला ढकलून उघडणाऱ्या रॉकरच्या जवळ येते आणि दोघांमधली, म्हणजे टॅपेटची, फट कमी होते. लोकांना वाटतं टॅपेट सैल झाले की आवाज येतो, म्हणजे आवाज नाही तर सगळं ठीक. घट्ट टॅपेट आवाज करत नाही, उलट इंजिन आणखी शांत वाटतं. मग एक दिवस फट शून्य होते. थंड असताना वॉल्व्ह कसाबसा बसतो. तापला की त्याचा दांडा लांबतो, रॉकर त्याला वर जाऊ देत नाही, आणि वॉल्व्ह केसभर उघडा राहतो. तुमच्या गाडीचं वागणं हेच सांगतंय, गरम झाल्यावर वाईट.

बंद न होणारा एक्झॉस्ट वॉल्व्ह लवकर जळतो. वॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटला टेकल्यावरच बाहेर जाते. टेकलाच नाही तर जाणार कुठे? कड लाल होते आणि तिथे खाच पडते. मी अशा खाचेचे वॉल्व्ह डबाभर बघितलेत. म्हणून टॅपेट बघेपर्यंत गाडी गॅसवर चालवू नका, लांब तर नकोच.

टॅपेटला स्क्रू आणि नट आहे की शिम (फट ठरवणारी चकती)? स्क्रू असेल तर घरी होतं. इंजिन पूर्ण थंड, रात्रभर उभी. टॅपेट कव्हर काढा. तिसरा सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला आणायचा, म्हणजे पिस्टन हवा दाबून अगदी वर. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-४-२ असेल तर तिसऱ्याचा जोडीदार दुसरा, दोघांचे पिस्टन एकाच वेळी वर येतात. क्रँकच्या पुलीच्या बोल्टवर गोटीपाना लावून इंजिन फिरायच्या दिशेनेच हाताने फिरवा आणि दुसऱ्याचे वॉल्व्ह बघा. त्याचा एक्झॉस्ट मिटत येतो आणि इनलेट उघडायला लागतो, त्या क्षणी तिसऱ्याचे दोन्ही रॉकर मोकळे असायला हवेत. तिथे फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घाला. पुस्तकात दिलेली पट्टी हलकी ओढ देत सरकली पाहिजे, लोण्यात सुरी जाते तशी.

आणि आधी फक्त मोजा. लगेच स्क्रू फिरवू नका. सगळ्या वॉल्व्हची फट वहीत लिहा, मग हात लावा.


वहीतले_आकडे

स्क्रू आणि नटच आहेत. प्रत्येक सिलिंडरला दोन इनलेट, दोन एक्झॉस्ट, एकूण सोळा. पुस्तकात थंड इंजिनला इनलेट ०.१५ मिमी, एक्झॉस्ट ०.२० मिमी.

रविवारी पहाटे साडेसहाला सुरुवात केली, कारण गाडी रात्रभर थंड झालेली हवी होती. टॅपेट कव्हरचं गॅस्केट नवीन आणून ठेवलं होतं.

इनलेट आठही ०.१३ ते ०.१५. एक्झॉस्ट: पहिल्याचे ०.१० आणि ०.१०, दुसऱ्याचे ०.०८ आणि ०.१०, चौथ्याचे ०.१० आणि ०.१२.

तिसऱ्याचा एक ०.०५. तिसऱ्याच्याच दुसऱ्या एक्झॉस्टमध्ये माझी सगळ्यात पातळ पट्टी, ०.०४ ची, शिरलीच नाही. रॉकर बोटांनी हलवून बघितला, अजिबात हलत नव्हता. जोडीदार चुकला असेल म्हणून पुली दोन पूर्ण फेरे फिरवून परत त्याच जागी आणली. तेच.

काका, तिथे उभी राहून मी पाच मिनिटं नुसती त्या रॉकरकडे बघत होते. गॅस किट बसवल्यापासून सहा वर्षांत, इतक्या सर्व्हिसिंगमध्ये, कोणीही हे कव्हर उघडलं नव्हतं. गॅस किटच्या पुस्तिकेत टॅपेट तपासायचं अंतर छापलेलं आहे. मी ते आता शोधून वाचलं. माझ्याही हातून राहिलं.

सगळ्या सोळांची फट लावली. नट आवळताना स्क्रू थोडा फिरतो आणि फट बदलते, ते पहिल्या दोन वॉल्व्हना समजलं. मग स्क्रू ड्रायव्हरने धरून नट आवळायचा, परत पट्टी घालायची, असं करत साडेतीन तास गेले. कव्हर लावलं, गाडी पेट्रोलवर गरम केली, परत सगळं सोडून मोजलं.

पहिला १७५, दुसरा १७२, तिसरा १४१, चौथा १७३. तिसऱ्याची पहिली उडी ७८.


तेलकट_चिंधी

१०४ वरून १४१! १७५ च्या ८० टक्के झाले. आयडल कसं आहे?


वहीतले_आकडे

गरम झाल्यावरही स्टिअरिंग शांत. कोड पुसला, तीन दिवसांत परत आला नाही. तो चढ चौथ्या गिअरमध्ये चढली. पण १४१ म्हणजे अजून ३४ कमी आहेत, ते डोक्यातून जात नाहीत.


बारा_तेराचा_पाना

जायलाही नकोत. दोन शक्यता आहेत. वॉल्व्ह बराच काळ नीट बसत नव्हता, त्यामुळे सीटवर कार्बनचा थर बसला असेल. तो आता वॉल्व्ह नीट आपटत राहिला की थोडा झिजतो आणि आकडा आणखी वर येतो. किंवा वॉल्व्हची कड खरोखर जळायला लागली आहे, मग आकडा इथेच राहील किंवा परत घसरेल. आज या क्षणी दोन्ही सारखेच दिसतात.

फरक करायचा तर ५०० किलोमीटर पेट्रोलवर चालवून परत मोजा. त्याच पद्धतीने, तोच गेज, बॅटरी भरलेली, तीच वही. दरम्यान जवळपास कोणाकडे कॉम्प्रेसर आणि लीकडाउन टेस्टर असेल तर आणखी बरं. तिसरा सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून हवा भरतात आणि किती टक्के निसटते ते बघतात. १० टक्क्यांच्या आत उत्तम, २० च्या वर गेलं तर शोधायचं. खरा फायदा कानाला होतो. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, एअर फिल्टरच्या पाइपातून आली तर इनलेट, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. हवा भरण्याआधी पुलीवरचा पाना काढून घ्यायचा, हवेच्या दाबाने इंजिन फिरलं तर तो पाना हातावर बसतो. एका कामगाराचं मनगट माझ्यासमोर मोडलंय.

वाईटात वाईट झालं तर हेड उतरेल. एक वॉल्व्ह बदलायचा, सीट बघायची, बाकीचे ग्राइंड करायचे. पिस्टन, रिंगा, बोअर याला कोणालाही हात लावू देऊ नका. तीन सिलिंडरांचे १७० च्या वरचे आकडे आणि ऑइल घातल्यावर न हललेला तिसरा, एवढं पान त्यांच्यासमोर ठेवा.


वहीतले_आकडे

५८० किलोमीटर झाले. आज सकाळी परत मोजलं.

पहिला १७४, दुसरा १७२, तिसरा १५३, चौथा १७३. तिसऱ्याची पहिली उडी ८५.

तिसऱ्याच्या त्या एक्झॉस्ट वॉल्व्हची फट थंड असताना परत बघितली, ०.२० च आहे. पुढची तपासणी ५,००० किलोमीटरला, तारीख वहीत टाकली आहे. गॅस अजून सुरू केलेला नाही. काका, तुम्ही म्हणाल तेव्हा करेन.


बारा_तेराचा_पाना

१५३ छान आहे. ८८ टक्के झाले. हेड उतरवायचं कारण आज तरी उरलेलं नाही. गॅस सुरू करा. पण पहिली फट ५,००० ला न बघता २,००० ला बघा, आणि फक्त तिसऱ्याची न बघता आठही एक्झॉस्टची. सीट झिजायचा वेग किती आहे तो दोन मोजण्यांतून तुम्हाला काढता येईल. आकडे इथे टाका.